वीस बोटं

पहाटे पाचला ट्राम डेपोत लावून मी घरी येतो.
ऑस्ट्रावात तेव्हा बेकरीवाले जागे असतात
आणि रोझिंका.
रोझिंका म्हणजे बेदाणा. नाव राडानानं ठेवलं.
पाल राडानाची, काचेची पेटी राडानाची,
फ्रिजवरची यादीसुद्धा तिच्याच अक्षरातली:
"बाबा, उबदार बाजू बत्तीस. थंड बाजू चोवीस.
रोज बघायचं. अंदाजानं नाही."

अंदाजानं मी एकोणतीस वर्षं ब्रेक लावले.
असो.
बूट काढायच्या आधी काटा बघतो.

ही भिंतीवर चढणारी पाल नाही.
बोटांना चिकटपणा नाही. चुकचुकत नाही,
कुणाच्या मनात शंका पेरत नाही.
हिला पापण्या आहेत.
झाकण उघडलं की एक डोळा मिटते, मग दुसरा,
रात्रपाळीच्या माणसासारखी,
आणि जिभेनं स्वतःचेच डोळे पुसून घेते.

बुधवारी बाजारामागच्या दुकानातून रातकिडे.
श्टेपानोवाबाई मोजत नाहीत,
डबा कानाशी धरून हलवतात, म्हणतात, भरलेत पन्नास.
त्यांना आधी गाजर खाऊ घालायचं,
मग पिशवीत कॅल्शियमची पूड, आणि झुलवायचं,
नाताळच्या बिस्किटांवर पिठीसाखर माखावी तसं.
एकेक सोडतो.
तिच्या शेपटीचं टोक थरथरतं,
बाकी सगळा देह दगड,
आणि चट्.
हेड्विका म्हणायची, तू जेवताना ताटाकडे बघतच नाहीस.
एक रातकिडा निसटून फ्रिजमागे गेलाय.
शोधला, मग सोडून दिलं.

रविवारी रॉटरडॅमहून राडानाचा फोन.
"शी केली का?"
केली. मागच्या डाव्या कोपऱ्यात, ठरलेल्या जागी.
"शेपटी जाड आहे ना?"
माझ्या अंगठ्याएवढी.
"आणि तुझी कंबर?"
हे फोन ठेवता ठेवता.

फेब्रुवारीत तिचा रंग उतरला,
पिठात लोळल्यासारखी पांढुरकी झाली.
तेव्हा रुळांवर बर्फ होता, मला दुहेरी पाळ्या होत्या,
आणि शेवाळ्याच्या डब्यात पाणी मारायचं
दोन दिवस, खरं सांगायचं तर तीन, राहून गेलं.
कात तिनं काढली, हातमोजा ओढावा तशी,
आणि खाल्लीही.
पण उजव्या पुढच्या पायाच्या दोन बोटांवर
उरले दोऱ्यासारखे वळसे.
यादीच्या पाठीमागे लिहिलं होतं:
"अडकलेली कात आवळत जाते. रक्त थांबतं. बोट गळतं."

बोट कसं जातं ते मला माहीत आहे.
अठ्ठ्याण्णव साल, दोन डब्यांमधली कडी,
डावी करंगळी, पेराच्या वर.
त्याला मिनिटसुद्धा लागत नाही.

बशीत कोमट पाणी. मनगटावर थेंब टाकून पाहिला,
राडानाच्या दुधाचा पाहायचो तसा.
वीस मिनिटं ती पाण्यात उभी,
माझ्या अर्ध्या करंगळीला पोट टेकून.
मग कापसाची काडी.
ओढायचं नाही. नुसतं फिरवायचं, फिरवत राहायचं.
चाळिशी नाकावर घसरते, हात मोकळा नाही.
पहिलं बोट सुटलं.
दुसरं सुटेपर्यंत साडेसात झाले,
वरच्या मजल्यावरची पोरं शाळेला धडधडत उतरली,
आणि खिडकीबाहेर एमा दिसायला लागली,
खाणीच्या टाकाऊ दगडांची टेकडी. आत अजून जळते म्हणतात.
सगळं गाव पांढरं,
तिच्या माथ्यावर मात्र बर्फ ठरत नाही.

मोजली. अठरा, एकोणीस, वीस.
माझी साडेनऊ.

शेवाळं भिजवलं. ती बत्तीस अंशांच्या बाजूला गेली,
वळून पाहिलं नाही.
मी यादीखाली, राडानाच्या अक्षराशेजारी,
माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: शेवाळं, रोज.
दिवा मालवला.
फ्रिजमागून तो निसटलेला
तेवढ्यात गायला लागला,
पोटात गाजर, अंगावर पूड.